माझी पाणबुडी

तरंगणारी नाव करणें सोपें. परंतु आज्ञा होतांच बुडावी व आज्ञा होतांच वर यावी अशी नाव करणें किती कठीण, हें मला गेल्या सुटींत कळलें.

११ सेंटिमीटर व्यासाची व ६० सेंटिमीटर लांबीची बंद नळी पूर्ण बुडाली म्हणजे सुमारें ५.७ लिटर पाणी बाजूस सारते. म्हणून आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणें सर्व सामानासह तिचें वजन ५.७ किलोच्या किंचित् खालीं ठेविलें. आंत १०० मिलिलिटरची पिचकारी बसविली. तिनें पाणी ओढून घेतलें कीं नाव बुडे, बाहेर टाकलें कीं वर येई.

नियंत्रणासाठीं २.४ गिगाहर्ट्झचें यंत्र आणलें. पैसे कमी पडले तेव्हां धाकट्या बहिणीनें आपली साठवण मला दिली. ह्या लहरी पाण्यांत फार तर कांहीं सेंटिमीटर जातात, ४० मेगाहर्ट्झच्या मात्र गोड्या पाण्यांत पुष्कळ अधिक खोल पोंचतात, हें पुस्तकांत होतें. परंतु उतावीळपणें मीं तें पान उलटलें. विहिरींत नाव बुडाली, ती वर आलीच नाहीं. दुसरे दिवशीं वडिलांनीं गळ टाकून ती काढली, तों आंत पाणी शिरून सर्व यंत्रें निकामी झालेलीं!

यंत्रच वाईट होतें असें बहिणीस सांगावें, हा विचार मनांत आला. पण जीभ वळेना. चूक माझी, असें कबूल केलें. क्षणभर गप्प राहून ती म्हणाली, "दादा, तुझी हांक ऐकूं आली नाहीं, तर आपण होऊन वर येईल अशी कर."

नवी नाव ४० मेगाहर्ट्झवर चालते, आणि लहरी तुटल्या तर पिचकारी आपोआप पाणी बाहेर टाकते. बहिणीचें ऋण मी खाऊच्या पैशांतून फेडीत आहें.