दहा बाय दहाची चौकट

आमच्या घराचा फोटो काढायचा म्हटलं, की मागं सरकत सरकत पाठ भिंतीला टेकते आणि तरीही घर काही फोटोत मावत नाही. हा विनोद नव्हे. वारज्याला माळवाडीत आमची भाड्याची खोली आहे, दहा बाय दहाची. तीत आम्ही चौघं राहतो : आप्पा, आई, यंदा दहावीला असलेली धाकटी बहीण आणि मी. शिवाय एक कॉट, एक कपाट, गॅसचा ओटा आणि कोपऱ्यात मोरी.

आप्पा धाराशिव जिल्ह्यातलं गाव सोडून पुण्याला आले तेव्हा वारज्यात जिकडंतिकडं इमारती उठत होत्या. सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहायचं आणि जो मुकादम हाक मारील त्याच्या मागं जायचं. आधी त्यांनी पाट्या वाहिल्या, मग एका मिस्त्रीच्या हाताखाली फरशी बसवायला शिकले. आज या भागात असे कितीतरी दिवाणखाने आहेत, ज्यांची फरशी आप्पांच्या हातची आहे. आमच्या खोलीत मात्र शहाबादी आहे, तीही घरमालकानं बसवून घेतलेली. आई कर्वेनगरात तीन घरी स्वयंपाक करते. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिला. त्यामुळं मी जे जे करतो ते सगळ्यांनाच नवं असतं, आणि चुकलो तर 'असं नाही, असं कर' म्हणून सांगणारं कुणी नसतं.

बारावीची परीक्षा झाल्यावर लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका शेठकडे मी हरकाम्या म्हणून लागलो. दिवे धरायचे, बॅगा सांभाळायच्या, नवरीकडच्या मंडळींना स्टेजवर रांगेनं उभं करायचं. त्या पैशातून चौदा हजारांना कॅननचा एक वापरलेला १२००डी घेतला. त्याच्यासोबत अठरा-पंचावन्नची लेन्स आली, पन्नासची मी मागाहून घेतली. मग शेठ मला 'दुसरा फोटोग्राफर' म्हणून नेऊ लागले. दिवसाला बाराशे रुपये.

गेल्या वर्षी आपल्या कॉलेजात छायाचित्रांची स्पर्धा झाली. विषय होता 'घर'. त्याच सुमारास आमच्या मॅडमनी वर्गात सुधारक ओलवे यांची छायाचित्रं दाखवली होती. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची ती कृष्णधवल चित्रं. ओलव्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं, पण माझ्या डोक्यात राहिली ती चित्रांतली माणसं. तोवर मला वाटायचं, फोटो काढावा तो किल्ल्याचा, सूर्यास्ताचा, फार तर नवऱ्या मुलीचा. आमच्या घरातल्यांसारख्या माणसांकडंही कॅमेरा असा सरळ बघू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. ठरवलं, आपलं घर द्यायचं.

चार संध्याकाळी खटपट केली. अठरा-पंचावन्नच्या लेन्सनं खोली मावे, पण उजेड मावेना. आमच्या एका ट्यूबच्या प्रकाशात आईचे भाकरी थापणारे हात नुसते धुरकट उमटत. पन्नासची लेन्स उजेड भरपूर घेई, पण मग खोली मावेना. आई आली की बहीण बाहेर जाई, बहीण आली की आप्पांचा नुसता गुडघा राही. शेवटी मी शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्याचा फोटो देऊन मोकळा झालो. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. 'घर' या विषयाचं बक्षीस मला दुसऱ्याच्या घरावर मिळालं, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आज सांगून टाकतो.

दोष लेन्सचा नव्हता, आतल्या सेन्सरचा होता. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर लांब आणि १४.९ रुंद. ज्याला 'फुल फ्रेम' म्हणतात तो ३६ बाय २४. क्षेत्रफळ काढलं तर अडीचपटीहून थोडं जास्त. लेन्स तीच असली तरी लहान सेन्सर तिच्या चित्राचा मधला तुकडाच उचलतो. मी वहीत मांडून पाहिलं. पन्नासच्या लेन्सनं दहा फुटांवरून माझ्या कॅमेऱ्यात साडेचार फूट रुंदीचं मावतं, फुल फ्रेममध्ये सात फुटांहून थोडं अधिक. साडेचार फुटांत एक माणूस आणि ओटा बसतो. सात फुटांत आमचं घर बसतं.

या 'फुल' मापाची कथाही गमतीची आहे. जर्मनीत लायट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा एक कसबी माणूस होता. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे कॅमेरे अवजड, बार्नाकला दम्याचा त्रास, ते ओझं त्याला पेलेना, असं सांगतात. त्यानं सिनेमाची पस्तीस मिलिमीटरची फिल्म घेतली आणि तिच्यावरच्या दोन चौकटी जोडून एक केली. तीच ३६ बाय २४. हा लायका कॅमेरा १९२५ साली लोकांपुढं आला. जर्मन भाषेत या मापाला आजही 'लहान चित्र' अशाच अर्थाचा शब्द आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जे लहान होतं, ते आज आम्हांला पूर्ण वाटतं. कॅननचा या मापाचा पहिला डिजिटल कॅमेरा २००२ साली निघाला, त्याची किंमत आठ हजार डॉलरच्या घरात होती. २००५ साली ५डी आला आणि हे माप आवाक्यात आलं, असं म्हणतात. कुणाच्या आवाक्यात, हा प्रश्न वेगळा.

आमच्यासारख्यांच्या आवाक्यात ते आलं निराळ्याच वाटेनं. २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आरसा नसलेले फुल फ्रेम कॅमेरे काढले. ऐपतीचे फोटोग्राफर हळूहळू तिकडं वळले आणि त्यांचे आरशाचे जुने कॅमेरे विक्रीला येऊ लागले. कोथरूडच्या एका वयस्क फोटोग्राफरकडं असाच एक ६डी होता. २०१२ साली बाजारात आलेलं मॉडेल. फोकसचे बिंदू अवघे अकरा आणि त्यांतला मधलाच काय तो भरवशाचा, पण कमी उजेडात हा कॅमेरा भल्याभल्यांना ऐकत नाही. माझी अठरा-पंचावन्न त्याला बसणार नव्हती, कारण ती लहान सेन्सरसाठीच केलेली. पन्नासची मात्र बसत होती. कॅननची ही बैठक १९८७ सालापासून तीच आहे, म्हणून त्या वेळच्या जुन्या लेन्सही त्याला चालतात. गरिबाला असा जुना नेम फार उपयोगी पडतो.

मी दोनदा जाऊन कॅमेरा पाहिला. संगणकाला जोडून शटर किती वेळा पडलं आहे ते मोजलं. एकसष्ट हजार. कंपनी या शटरचं आयुष्य एक लाख सांगते. लेन्सचं तोंड बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला, म्हणजे सेन्सरवर धूळ असली तर काळे ठिपके दिसतात. तीन निघाले, ते फुंकणीनं गेले. त्यांनी छत्तीस हजार सांगितले, मी घासाघीस करून साडेचौतीसवर आणले. माझ्याकडं एक्केचाळीस हजार साठले होते. दोन दिवसांत येतो म्हणालो.

आणि त्याच रात्री आई म्हणाली, पलीकडच्या गल्लीत खोली आणि स्वयंपाकघर रिकामं होतंय. डिपॉझिट चाळीस हजार.

चौकट मोठी करायची की खोली, असा तो सरळ प्रश्न होता. आमचे अर्थशास्त्राचे सर संधी-खर्च शिकवतात, म्हणजे एक गोष्ट निवडली की जी दुसरी सोडावी लागते ती तिची खरी किंमत. परीक्षेत मला यावर पाचांपैकी चार गुण आहेत. घरात बसून हा प्रश्न सोडवायचा तर घशाशी आवंढा येतो, हे पुस्तकात नाही.

आप्पांनी मात्र क्षणाचा वेळ लावला नाही. म्हणाले, "कॅमेरा घे. खोली काय पळून चाललीय का? पहिली चार वर्षं मी कटर मशीन भाड्यानं आणत होतो. दिवसभर गुडघ्यावर बसायचं आणि संध्याकाळी पहिले पैसे मशीनवाल्याला. भाड्याच्या मशीनवर काम करणारा घरमालकाची फरशी बसवत नसतो, मशीनवाल्याची बसवत असतो. हत्यार आपलं पाहिजे."

ते खरंच होतं. शेठ म्हणत, फुल फ्रेम घेऊन आलास तर दिवसाचे अडीच हजार देतो. मी तीनदा भाड्यानं आणलाही होता. नऊशे रुपये भाडं गेल्यावर हाती सोळाशे उरत.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "हत्यार आपलं पाहिजे, खरंय. पण पोरीचं दहावीचं वरीस एकदाच येतंय." एवढंच. पुन्हा तिनं विषय काढला नाही.

मग मी वही काढली. जुना कॅमेरा आणि त्याची लेन्स अकरा हजारांना जात होती. म्हणजे नव्याचे पदरचे साडेतेवीस. हातात उरणार साडेसतरा. डिपॉझिटला कमी पडणार साडेबावीस. प्रत्येक लग्नाचे अडीच हजार, त्यांतले अर्धे घरी, अर्धे बाजूला. साडेबावीस हजार भागिले साडेबाराशे, अठरा. अठरा लग्नांत खोलीचं डिपॉझिट परत उभं. आकडेमोड मी सगळ्यांना वाचून दाखवली. आप्पांनी मान डोलावली. आईनं तवा उतरवला. बहीण कॉटवर भिंतीकडं तोंड करून वाचत होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

कॅमेरा घरी आला तो ज्येष्ठातला पावसाळी दिवस होता. संध्याकाळी मी दारालगतच्या भिंतीला पाठ लावली, पन्नासची लेन्स चढवली आणि कुणाला काही न सांगता एक फोटो काढला. मावलं. ओट्यापाशी आई, खाली पाय पसरून बसलेले आप्पा, कॉटच्या कडेला बहीण. ट्यूबचा तोच उजेड, पण आईच्या बोटांवरचं पीठसुद्धा दिसत होतं. आणखी एक गोष्ट दिसत होती. आई भाकरी थापताना तिचं कोपर मागं येतं आणि बहिणीच्या मांडीवरच्या पुस्तकाला लागतं. बहीण पुस्तक तिरपं धरून बसते. एवढी वर्षं त्या खोलीत राहून हे मी पाहिलं नव्हतं.

फोटो सगळ्यांनी पाहिला. आप्पा म्हणाले, "ती मोरीजवळची शहाबादी तिरकी बसलीय बघ." आईनं बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "आता कळतंय, केवढीशी खोली आहे." बहीण काहीच बोलली नाही.

वहीतली चूक मला नंतर कळली. अठरा लग्नं मी मोजली, पण मुहूर्त मोजले नव्हते. आषाढी एकादशी झाली आणि चातुर्मास लागला. तुळशीची लग्नं लागेपर्यंत शेठकडं एखादं बारसं, एखादा वाढदिवस, एवढंच. ती पलीकडची खोली श्रावणातच दुसऱ्यांनी घेतली. बहीण शाळा सुटल्यावर अभ्यासिकेत जाऊन बसू लागली, आणि रात्री अभ्यासिका बंद झाली की शेजारच्या इमारतीच्या जिन्यात. तिथं रात्रभर दिवा असतो.

परवा एका लग्नाहून रात्री उशिरा परतलो, तेव्हा ती तिथंच होती. गुडघ्यावर वही, वरून दिव्याचा पिवळा उजेड. फोटो म्हणून पाहिलं तर फार चांगला होता. कॅमेरा खांद्यावरच्या पिशवीत होता. मी पिशवी पायरीवर ठेवली आणि तिच्याशेजारी बसलो. ती समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांची गणितं सोडवत होती. मी विचारलं, "एकाच आकाराच्या दोन चौकटी, एकीची बाजू दुसरीच्या एक पूर्णांक सहा दशांश पट, तर क्षेत्रफळ?" तिनं वर न बघता सांगितलं, "वर्ग करायचा. दोन पूर्णांक छप्पन्न शतांश." मग म्हणाली, "तुझा कॅमेरा ना?"

मी म्हणालो, "राग आला होता का तुला?"

ती थोडा वेळ पेन्सिल फिरवत राहिली. "मला विचारलं असतंस तर मी घे म्हणाले असते, दादा. पण विचारायचं होतंस."

हे लिहीपर्यंत चौदा लग्नं झाली आहेत. बाजूला पस्तीस हजार साठले आहेत. चार लग्नं राहिली, आणि तिची परीक्षा महिन्यावर आली आहे. परीक्षेच्या आत खोली होणार नाही, हे आता आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. आप्पांचं हत्याराविषयीचं म्हणणं मला आजही पटतं. कॅमेरा घेतल्याचा पश्चात्ताप मला होत नाही, असंही प्रामाणिकपणे सांगतो. पण त्या रात्री वाचून दाखवलेला हिशेब मी पुन्हा मांडला आहे. पहिल्या ओळीत साडेतेवीस हजार लिहिले आहेत. त्याच्याखाली बहिणीचं दहावीचं वर्ष लिहिलं आहे, आणि त्याच्यापुढचा आकडा मला अजून भरता आलेला नाही.

यंदाच्या स्पर्धेचा विषय काही असो, मी तो ज्येष्ठातला फोटो देणार आहे. देण्यापूर्वी तिघांनाही विचारणार आहे. सुरुवात बहिणीपासून करीन.

(द्वितीय वर्ष, कला)