वसुली

31 मे 2018 ला मी निवृत्त झालो. आमच्या पिढीत निम्म्यांची जन्मतारीख 1 जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावून दिलेली. त्यामुळे त्या दिवशी सांगलीतल्या जवळजवळ प्रत्येक सरकारी कचेरीत एखादी तरी शाल पांघरली जात होती. माझीही पांघरून झाली. घरी आलो, हार देवापुढे ठेवला आणि बायकोला सांगितलं की तीन महिन्यांत ग्रॅच्युइटी हातात येईल, धाकटीच्या लग्नाची तारीख धरायला हरकत नाही.

हे मी विश्वासाने सांगितलं, कारण चौतीस वर्षांतली सव्वीस मी आस्थापनेच्या टेबलावर काढली होती. सेवापुस्तकं, वेतननिश्चिती, रजेचे हिशेब, पेन्शनची प्रकरणं. निवृत्तीच्या आधी कागद कधी जमवायचे, ना-मागणी आणि ना-चौकशी प्रमाणपत्रं कुणाकडून घ्यायची, मुंबईच्या महालेखापालांकडे प्रकरण जाण्याआधी वेतन पडताळणी पथकाचा शिक्का कसा लागतो, हे मला पाठ होतं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 हे पुस्तक माझ्या टेबलावर इतकी वर्षं होतं की त्याची पाठ दोनदा शिवून घ्यावी लागली.

जुलैत जुन्या कचेरीतून फोन आला. पडताळणीत आक्षेप निघाला होता. चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळालेल्या आश्वासित प्रगती योजनेच्या दुसऱ्या लाभाची वेतननिश्चिती 2010 साली झाली होती, 2008 पासून लागू धरून. त्यात एक वेतनवाढ चुकीच्या तारखेला दिली गेली होती. दहा वर्षांचा फरक 1,42,600 रुपये. ग्रॅच्युइटीतून वळते करून बाकीची रक्कम देणार होते. माझी वेतननिश्चिती मी केलेली नव्हती, स्वतःच्या सेवापुस्तकाला कुणी हात लावत नाही. दुसऱ्या टेबलावर ती झाली, साहेबांची सही झाली आणि मला पगार मिळत गेला.

फोनवरचा मुलगा माझ्याच हाताखाली शिकलेला. म्हणाला, "सर, संमतीपत्र तयार केलंय. येऊन सही करून जा, म्हणजे प्रकरण पुढं सरकंल."

त्या शब्दावर मी खुर्चीत बसलो. संमतीपत्राचा तो मसुदा माझाच होता. वर्षानुवर्षं मी तो टाइप करून लोकांपुढे ठेवला होता.

रात्री झोप लागली नाही. रकमेची काळजी होतीच, पण डोळ्यांपुढे सारखे मामा येत होते. आमच्याकडे शिपायाला मामाच म्हणतात. हे मामा कसबे डिग्रजचे. 30 जून 2004 ला ते निवृत्त झाले. पाचव्या वेतन आयोगाच्या वेळी, म्हणजे 1996 च्या वेतननिश्चितीत, त्यांना एक टप्पा जादा दिला गेल्याचं तेव्हा आढळलं. 23,480 रुपये. निरोपसमारंभाच्या दिवशी, फुलांचा हार गळ्यात असतानाच, मी संमतीपत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि बोटाने जागा दाखवली. त्यांनी सही केली. नंतर जिन्यात थांबून म्हणाले, "भाऊसाहेब, पैसं गेलं ते गेलं. पर मी काय चोरी केली व्हती का, तेवढं सांगा." मी म्हणालो, नियम आहे मामा. आणि वर निघून गेलो.

नियम होता, पण मी त्यातला अर्धाच वापरला होता. निवृत्तिवेतन नियमांतला नियम 134-अ सांगतो की सेवेत असताना जादा रक्कम दिली गेली असेल तर ती निवृत्तिवेतनातून वसूल करता येईल. त्याच नियमाला जोडलेलं परंतुक सांगतं की त्याआधी निवृत्त माणसाला आपलं म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी लागेल. वसुलीची ओळ आम्ही सगळेच पाठ म्हणायचो. परंतुकापर्यंत कुणी जात नव्हतं. आमच्या कचेरीत संमतीपत्र हीच संधी समजली जायची.

लोक इथे आणखी एका नियमाची गल्लत करतात. नियम 27 हा शिक्षेचा नियम आहे. सेवेत गंभीर गैरवर्तन किंवा निष्काळजीपणा केल्याचं रीतसर चौकशीत सिद्ध झालं, तर सरकार पेन्शन रोखू किंवा कमी करू शकतं. वेतननिश्चितीतली चूक ही हिशेबाची बाब. तिच्यात शिक्षा नसते. पण ज्याच्यावर वसुली निघते त्याला ती शिक्षाच वाटते, आणि मामांनी जिन्यात मला तेच विचारलं होतं.

मी संमतीपत्रावर सही केली नाही. निवेदन दिलं आणि आवक शाखेत त्याची पोच घेतली. निवेदनात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. वेतनवाढीची तारीख चुकली असेल तर माझं वेतन दुरुस्त करा आणि पेन्शन दुरुस्त वेतनावरच काढा, याला माझी हरकत नाही. चुकीच्या आकड्यावर जन्मभर पेन्शन घ्यावी असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. मूळ पेन्शन त्यामुळे अडीचशे रुपयांनी उतरली, ती मी मान्य केली. पण मागच्या दहा वर्षांचा फरक परत मागू नका. तो मी फसवून घेतलेला नाही, आणि तो घरात खर्च होऊन गेला आहे.

याला आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या 18 डिसेंबर 2014 च्या निकालाचा, पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांहून जास्त काळ चाललेल्या जादा प्रदानाची वसुली करणं कायद्याने चालणार नाही, असं त्यात सांगितलं आहे. मी वर्ग तीनचा, निवृत्त, आणि फरक दहा वर्षांचा. तिन्हीत बसत होतो.

कचेरीचं उत्तर आलं नाही. वसुली करून उरलेली ग्रॅच्युइटी तेवढी आली, तीही उशिरा. लग्नाला पतसंस्थेचं कर्ज काढलं.

मग मॅट. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण 1991 पासून आहे आणि आम्हा सांगलीकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी मुंबई, दिवसभर बाकावर, परत रात्रीची गाडी. वसुलीच्या आदेशापासून वर्षाच्या आत मूळ अर्ज दाखल व्हावा लागतो. माझा अकराव्या महिन्यात झाला.

सरकारपक्षाने 2009 चं हमीपत्र काढलं. सहाव्या वेतन आयोगाचा विकल्प देताना आम्ही सगळ्यांनीच ते दिलं होतं, जादा रक्कम आढळल्यास परत करीन असं. हमीपत्राला वजन आहे, हे मला माहीत होतं. 2016 साली जगदेव सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हमीपत्र देणाऱ्याकडून वसुली योग्य धरली होती. ते प्रकरण एका दिवाणी न्यायाधीशाचं होतं. माझ्या वकीलबाईंचं म्हणणं साधं होतं: हा अर्जदार वर्ग तीनचा आहे आणि हमीपत्र सुधारित वेतनश्रेणीसाठी दिलेलं आहे, चूक झाली ती नंतरच्या, वेगळ्या वेतननिश्चितीत. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून तारखा दाखवल्या.

मध्येच ऑगस्ट 2019 चा पूर आला. आम्ही गावभागात राहतो. 2005 चं पाणी पाहिलेलं, त्यामुळे वाटलं पायरीपर्यंत येईल आणि ओसरेल. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फुटांची. पाणी 57 फुटांवर गेलं. होडीत बसताना बायकोने औषधं आणि नातवाचे कपडे घेतले. मी दुय्यम सेवापुस्तक, पीपीओ म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश आणि निवेदनाची पोच प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून पोटाशी धरली. परत आलो तेव्हा ते नियमांचं शिवलेलं पुस्तक चिखलात फुगून गेलं होतं. निवृत्त होताना मी ते माझं म्हणून घरी आणलं होतं. फार वाईट वाटलं.

फेब्रुवारी 2020 मध्ये आदेश झाला. वसुली रद्द, रक्कम परत करा, वेतनाची दुरुस्ती मात्र कायम. मला ते बरोबर वाटलं आणि अजून वाटतं. रक्कम यायला टाळेबंदी ओलांडावी लागली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात नागपूर खंडपीठाचा निकाल वाचला. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले 85 वर्षांचे गृहस्थ. दरमहा 872 रुपये 2007 पासून जादा दिले गेले म्हणून बँकेने त्यांच्या पेन्शनमधून परस्पर कपात सुरू केली. न्यायालयाने ती कपात तर थांबवलीच, वर बँकेला 50,000 रुपये खर्चही भरायला लावला. ते वाचून मी कात्री आणली आणि कात्रण काढून ठेवलं.

दरवर्षी 17 डिसेंबरला पेन्शनर दिन असतो. 1982 साली त्याच तारखेला डी. एस. नकारा यांच्या खटल्याचा निकाल लागला. 31 मार्च 1979 च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित सूत्राचा लाभ नाही, अशी रेघ केंद्र सरकारने मारली होती, ती न्यायालयाने पुसली. घटनापीठावर सरन्यायाधीश म्हणून आपले यशवंतराव चंद्रचूड होते. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हा त्या निकालाचा गाभा. त्याआधी 1971 मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या प्रकरणातही न्यायालय हेच म्हणालं होतं. मला हे सगळं निवृत्तीनंतर वाचायला मिळालं. टेबलावर असताना वाचलं असतं तर मामांपुढे कागद ठेवताना हात थांबला असता का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारतो.

मामा भेटले ते नोव्हेंबर 2021 मध्ये, हयातीच्या दाखल्याच्या रांगेत. सत्त्याहत्तरी आलेली, कानाला कमी ऐकू येत होतं. मी त्यांचं पासबुक मागून घेतलं आणि सवयीने विक्रीची तारीख विचारली. पेन्शन विकणं म्हणजे तिचा काही भाग सोडून त्याची एकरकमी रक्कम उचलणं. त्यांच्या वेळी एक तृतीयांशपर्यंत विकता यायची. पंधरा वर्षं झाली की सोडलेला भाग पूर्ववत होतो. मामांची पंधरा वर्षं सप्टेंबर 2019 ला भरली होती, तरी 640 रुपये अजून कापलेच जात होते. कुठल्या तरी टेबलावर ती तारीख चढवायची राहून गेली होती. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. खात्यावर येतं ते सरकार बघूनच पाठवत असेल, असं त्यांना वाटायचं.

अर्ज मी लिहिला. पीपीओची प्रत, विक्रीच्या रकमेचा आदेश, पासबुकाची पानं. मार्च 2022 मध्ये 29 महिन्यांचे 18,560 रुपये जमा झाले. मामा नातवाच्या मोटरसायकलवर बसून पेढे घेऊन आले. बायकोने चहा केला.

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी खिशातून प्लास्टिकची घडी काढली. आत 2004 चं संमतीपत्र होतं. म्हणाले, "हे बी मिळंल का?"

मी खरं ते सांगितलं. सही आहे, वर्षं फार लोटलीत, तेव्हाच दाद मागायला हवी होती. आता नाही मिळणार. आणि त्या वेळी तुम्हाला नोटीस द्यायला हवी होती मामा, ती मी दिली नाही, हेही सांगितलं. अठरा वर्षांनी का होईना, त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तरही दिलं, नाही, तुम्ही काही चोरी केली नव्हती.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग तो माझ्या हातात दिला. "वाचून दाखवा," म्हणाले. "तवा नुसती सही केली. काय लिवलंय, मला कुणी सांगितलंच न्हाई."

चारच ओळी होत्या. त्यांना ऐकू जावं म्हणून मी शेजारी सरकून बसलो आणि मोठ्याने वाचून दाखवल्या.