पाणी जातं कुठं?

बाटलीतलं कुलंट खुणेवर, गाडीखाली एक थेंब नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही; पण रेडिएटरचं झाकण उघडलं की आत पाणी कमी. गोंदियाहून गोरेगाव, कोहमारा, नवेगावबांध करत अर्जुनी मोरगावला माझं नेहमीचं जाणं-येणं. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. एसी लावून गाडी थोडी उभी राहिली की काटा वर सरकायचा.

एका गॅरेजात झटपट निकाल मिळाला : हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल. खर्च ऐकून मी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली. राइस मिलची इंजिनं सांभाळण्यात त्यांची हयात गेलेली.

त्यांनी आधी गाडी रात्रभर निवायला ठेवून घेतली. दाबाखालचं पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. पण गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते उसळून अंगावर येतं.

सकाळी पहिली झडती गॅस्केटची. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस नव्हता. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं, तर तोंडाशी बुडबुडे नव्हते. झाकण लावून त्यांनी वरचा होज माझ्या हातात दिला.

"दाबून पाहा. गॅस्केट फाटलं असतं तर कम्प्रेशन पाण्यात घुसून हा आत्ताच कडक झाला असता."

होज मऊच होता. शेवटी निळ्या द्रावाची नळी तोंडाशी धरली. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड लागला की हा द्राव पिवळा पडतो. तो निळाच राहिला.

इंजिन निवल्यावर हातपंप लावला. रेडिएटरच्या झाकणावर १.१ असं छापलं होतं. तेवढ्या बारपर्यंत दाब दिला आणि आम्ही चहा घेत बसलो. पंपाचा काटा हळूहळू उतरू लागला. मिस्त्रींनी टॉर्च मारला, तर वॉटर पंपाच्या पोटातल्या बारीक भोकातून थेंब येत होता. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं; सील गेलं तर पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून. गाडी चालताना ते पाणी तापलेल्या ब्लॉकवरच आटायचं. मागं पांढरट हिरवी पपडी तेवढी उरली होती.

"खाली पडत नाही म्हणजे गळत नाही असं नसते, भाऊ."

पंप बदलला, पुन्हा दाब दिला, काटा जागचा हलला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वरचा होज चपटा! झाकणात दोन झडपा असतात. एक जास्तीचा दाब बाटलीकडं सोडते, दुसरी इंजिन निवताना बाटलीतलं कुलंट परत आत घेते. ही दुसरी चिकटली होती. म्हणूनच बाटली भरलेली दिसायची. जुन्या पंपाच्या गळक्या सीलमधून हवा आत शिरायची, तोवर होज चपटा होत नव्हता. ती वाट बंद झाली आणि झाकणाचं बिंग फुटलं.

नवं झाकण बसवलं, डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मं-निम्मं भरलं. बोअरचं पाणी मिस्त्री रेडिएटरला लावूच देत नाहीत, क्षार धरतात म्हणून. आता कुणी हेड खोलायचा सल्ला घेऊन आला, तर मी विचारतो, थंड इंजिनावर दाब देऊन पाहिलं का?