दुपारचा चेहरा

उघड्यावर माणसांचे फोटो काढायला लागलेल्या प्रत्येकाला पहिला सल्ला मिळतो तो हाच, की दुपारी कॅमेरा बाहेर काढू नका. सकाळचा तासभर आणि संध्याकाळचा तासभर तेवढा आपला, मधला दिवस सोडून द्यायचा. मीही बराच काळ हा सल्ला पाळला. आता पाळत नाही. वरवर तो प्रकाशाबद्दल असला, तरी कोणाचा फोटो काढायचा आणि कुठे काढायचा हेही तो गुपचूप ठरवून टाकतो. कांदा निवडणारी बाई, रस्त्यावर डांबर टाकणारा माणूस, किनाऱ्यावर मासळी वाळत घालणारी कोळीण, मिठागरात फळी ओढणारा मजूर, या सगळ्यांचा दिवस दुपारीच असतो. त्यांना सहा वाजता बोलावून सोनेरी उजेडात उभं केलं की फोटो देखणा येतो, पण त्यांचं काम आणि त्यांची वेळ त्यातून निघून जाते. शिक्षक असो, शेतकरी असो, नवरदेव असो, सगळे एकाच सोन्यात बुडवल्यासारखे दिसतात. फ्लॅश बेताने वापरला, तर माणूस त्याच्या वेळी आणि त्याच्या जागी दाखवता येतो, आणि असा फोटो नुसत्या उन्हात काढलेल्या फोटोपेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या सत्याच्या अधिक जवळ असतो, हे माझं म्हणणं आहे.

मुळात तो ‘सोनेरी तास’ आपल्याकडे तासभर टिकतच नाही. सूर्य क्षितिजाकडे किती वेगाने उतरतो हे अक्षांशावर ठरतं. मार्च किंवा सप्टेंबरात, दिवस आणि रात्र सारखी असताना, पुण्यात सूर्याला शेवटचे दहा अंश उतरायला साधारण बेचाळीस मिनिटं लागतात. लंडनला त्याच दहा अंशांना तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. भर दुपारची गोष्ट तर आणखी वेगळी. लंडनला जूनमधल्या सर्वांत उंच सूर्यालाही बासष्ट अंशांच्या वर जाता येत नाही. पुण्यात मेच्या मध्याला तो थेट डोक्यावर येतो आणि साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच विरते. तो शून्य सावलीचा दिवस. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांनी ‘नैसर्गिक प्रकाश’ म्हणून ज्याचं कौतुक केलं तो तिरपा, ढगांतून गाळून आलेला, रेंगाळणारा उजेड आहे. आपल्या वाट्याला वर्षातले सात-आठ महिने वरून कोसळणारं ऊन येतं. नियम तिथले आणि ऊन इथलं अशी सांगड घालताना आपण दिवसाचा मोठा भाग वाया घालवतो.

वरून येणारं ऊन चेहऱ्याचं काय करतं, हे पाहण्यासारखं असतं. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाची हाडं पांढरी पडतात, डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो, नाकाखालची सावली ओठांवर उतरते. गांधी टोपीला पुढे कड नसते, त्यामुळे ती ऊन अडवत नाही आणि सावलीही देत नाही; पदर डोक्यावर असेल तर भुवयांच्या वर सावलीची सरळ रेघ उमटते. अंगात पांढरा सदरा आणि चेहरा सावळा असला की दोन्ही टोकं एकाच चित्रात बसेनाशी होतात : सदऱ्याचे धागे राखावेत तर डोळे जातात, डोळे राखावेत तर सदऱ्याचा पांढरा डाग होतो. समोर उभं राहून पाहताना मात्र आपल्याला यातलं काहीच खटकत नाही. आपली नजर सदऱ्यावरून डोळ्यांकडे सरकते तशी त्या त्या उजेडाला जुळवून घेते आणि मन त्या सगळ्यांचं मिळून एक चित्र करतं. कॅमेऱ्याला ती मुभा नाही. एका क्षणी, एका उघडीपीत (एक्स्पोजरमध्ये), त्याला सगळं पकडायचं असतं. म्हणून ‘फ्लॅश न वापरलेला फोटो जसंच्या तसं दाखवतो’ हे विधान मला मान्य नाही. बोलताना त्या माणसाचे डोळे मला स्वच्छ दिसत होते. फोटोत ते दिसत नसतील, तर खोटं कुठे शिरलं?

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ऊन निसर्गाचं आणि फ्लॅश बाहेरून आणलेला. पण एकटं ऊन चेहऱ्यावर कधीच पडत नाही. सावलीतल्या भागावर जो काही उजेड असतो तो आकाशाकडून आणि जमिनीकडून परत आलेला असतो, आणि जमीन बदलली की चेहरा बदलतो. मिठागरात पायाखालचं मीठ इतकं ऊन परत फेकतं की हनुवटीखालची सावली जवळजवळ नाहीशी होते. कोरड्या वाळूवरही डोळे खुलतात. जांभ्याच्या कातळावर तीच सावली तांबूस होते, पावसाळ्यातल्या गवतावर गळ्याला हिरवट छटा येते. मराठवाड्यातली नांगरलेली काळी माती मात्र फारच थोडा उजेड परत करते, आणि त्याच उन्हात, त्याच वेळी, त्याच माणसाचे डोळे तिथे बुडून जातात. चुना लावलेल्या भिंतीसमोर उभं केलेल्या माणसाचा फोटो नैसर्गिक मानायचा आणि भिंत नाही म्हणून तेवढाच उजेड फ्लॅशने दिला तर कृत्रिम, हा भेद मला टिकणारा वाटत नाही. काळ्या रानात मी फ्लॅशकडून भिंतीचं काम करून घेतो. यातून एक शिस्तही मिळते : तिथे भिंत असती तर तिने जेवढा उजेड दिला असता, साधारण तेवढाच फ्लॅशने द्यायचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण त्यामागे मोठं काम उभं आहे. रिचर्ड ॲव्हेडनने १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या खाणकामगारांचे, भटक्यांचे, हॉटेलांत काम करणाऱ्या बायकांचे जे फोटो काढले, ते सावलीत, पांढऱ्या कागदापुढे, फ्लॅशशिवाय. आयर्व्हिंग पेनने १९४८मध्ये पेरूतल्या कुस्को गावातला स्टुडिओ भाड्याने घेऊन खिडकीच्या उजेडात काम केलं, आणि पुढे तो आपला तंबूच देशोदेशी घेऊन फिरला. ही माणसांच्या फोटोंमधली शिखरं आहेत, यात वाद नाही. पण दोघांनीही त्यासाठी जागेवर पाणी सोडलं. कागद लावला की खाण जाते, तंबूत आणलं की गाव जातं. त्यांना तेच हवं होतं, माणूस त्याच्या भोवतालापासून सुटा करून पाहायचा होता. मला माणसामागची विहीर हवी आहे, बांध हवा आहे, त्या दिवसाचं फटफटीत आकाशही हवं आहे. झाडाखाली नेलेल्या माणसाचा चेहरा मऊ उजेडात छान येतो, पण चेहऱ्यासाठी उघडीप वाढवताच मागचं रान पांढरं होऊन उडून जातं. सावली हा उपाय चेहऱ्यापुरताच आहे.

फ्लॅश इथे उपयोगी पडतो तो एका साध्या गुणामुळे, आणि खरा सराव त्याच गुणाचा करावा लागतो. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी वेळात संपतो. शटर १/१०० ठेवा की १/२००, फ्लॅशचा उजेड तेवढाच नोंदला जातो. उन्हाचा मात्र दुप्पट किंवा निम्मा होतो. म्हणजे एकाच फोटोत दोन उघडीपी हाताशी येतात. आकाश आणि रान शटरने आवरायचं. चेहऱ्यावरचा फ्लॅश त्याच्या जोराने आणि अंतराने आवरायचा. ॲपर्चर दोघांनाही लागू असतं, ते आधी ठरवून टाकायचं. भर उन्हात आयएसओ १००, शटर १/२०० आणि ॲपर्चर एफ/११ हा जुना ठोकताळा आजही बरोबर येतो. तिथून मी सुरुवात करतो आणि फ्लॅश बंद ठेवूनच पार्श्वभूमी मनासारखी होईपर्यंत थांबतो. मग माणसाची पाठ उन्हाकडे करतो. पाठीवर ऊन आलं की डोळे मिचकावणं थांबतं, कपाळावरच्या सुरकुत्या सैल होतात, केसांना आणि खांद्यांना उजेडाची कड मिळते. चेहरा सावलीत जातो, आणि तिथे फ्लॅश. मेमध्ये बारा ते दोन ही युक्ती चालत नाही, सूर्य पाठीमागे नसतोच. तेव्हा वर पातळ पांढरं कापड धरावं लागतं किंवा अडीचपर्यंत थांबावं लागतं. तोवर सूर्य डोक्यावरून अठ्ठावीसेक अंश ढळलेला असतो आणि तेवढं पुरतं.

अंतराचा हिशेब अंगात मुरायला सर्वांत जास्त वेळ लागतो. फ्लॅश एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की उजेड निम्मा नव्हे, पाव होतो. कॅमेऱ्यावर बसणारा चांगला फ्लॅश कागदावर कितीही ताकदीचा असो, त्यावर छत्री किंवा सॉफ्टबॉक्स चढवला की एफ/११ला दीडेक मीटरपलीकडे उन्हाशी बरोबरी करायला तो धापा टाकतो. म्हणून तो जवळ आणायचा, चौकटीच्या अगदी कडेला. जवळ आणल्याने तो चेहऱ्याच्या मानाने मोठाही होतो, आणि सावळ्या कातडीला मोठा उगमच हवा असतो. उजळ कातडीचा आकार बराचसा सावलीतून कळतो, सावळीचा तिच्यावरच्या चकाकीतून. नागडं ऊन घामावर बारीक, कडक ठिपके उठवतं; मोठ्या छत्रीचा उजेड गालावर सलग, मऊ झाक देतो. फोटोचं तंत्र ज्या चेहऱ्यांवर पारखलं गेलं ते आपले नव्हते. कोडॅकच्या रंगतपासणीच्या ‘शर्ली’ कार्डांवर दशकानुदशकं गोरी स्त्रीच असे. त्या तंत्राच्या सवयी आपल्या चेहऱ्यांवर पुन्हा तपासून घेणं हे काम आपलंच आहे.

एफ/११चा फोटो म्हणजे मागचं सगळं स्पष्ट, आणि आज फॅशन आहे ती मागचं धूसर करण्याची. एफ/२.८ला त्याच उन्हात शटर १/३२००च्या आसपास न्यावं लागतं, आणि बहुतेक कॅमेरे फ्लॅशबरोबर १/२०० किंवा १/२५०च्या पुढे जात नाहीत. हाय-स्पीड सिंक आहे, पण त्यात फ्लॅशची बरीच ताकद खर्ची पडते. चार स्टॉपचा एनडी फिल्टर लावला तरी काम होतं. मी दोन्ही वापरून पाहिलं आहे. पण ज्या जागेसाठी एवढी खटपट करायची तीच पुसून टाकायला लागणारी साधनं शोधत बसणं मला पटत नाही. तंत्राची ही मर्यादा मला सोयीचीच वाटते.

रिफ्लेक्टर असताना फ्लॅश कशाला, असंही विचारतात. पांढरा थर्माकोल किंवा चंदेरी कापड उत्तम काम करतं, स्वस्तही पडतं. पण ते ऊनच परत फेकतं, थेट डोळ्यांत, आणि जे मिचकावणं टाळायला पाठ उन्हाकडे केली तेच परत येतं. शिवाय ते धरायला माणूस लागतो, आणि पठारावरच्या वाऱ्यात त्याचं शीड होतं. छत्रीचंही होतं, हे कबूल. दोन्हींना वाळूची पिशवी लागते. रॉ फाइलमधून सावल्या उचलता येतात, मग हा सगळा खटाटोप कशाला, असा आजचा प्रश्न. आताच्या सेन्सरमधून खरंच पुष्कळ उचलता येतं, आणि नाकाखालची सावली फिकी करायला मीही ते वापरतो. पण सावली फिकी केल्याने उजेड वरूनच आला होता हे बदलत नाही. डोळ्यांत जो उजेडाचा ठिपका नव्हता तो तिथे उगवत नाही, आणि बुबुळ त्या ठिपक्याशिवाय मेल्यासारखं दिसतं.

फ्लॅशचे फोटो खोटे दिसतात ही तक्रार मात्र बऱ्याचदा खरी असते. लग्नाआधीच्या फोटोंमध्ये आकाश जांभळं-काळं आणि जोडपं भर मंचावर असल्यासारखं उजळलेलं दिसतं, ते पाहून हा आक्षेप कोणालाही पटावा. दोष प्रमाणाचा आहे. चेहरा पार्श्वभूमीइतका किंवा जास्त उजळला की डोळा लगेच ओळखतो, कारण पाठीवर ऊन असलेल्या माणसाचा चेहरा प्रत्यक्षात मागच्या रानाहून काळसरच असतो. मी एक ते दीड स्टॉप खाली थांबतो. रंगाचंही तसंच : फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो, म्हणून साडेपाचनंतर त्याच्यावर नारिंगी जेल लावला नाही तर चेहरा त्या संध्याकाळचा वाटत नाही. आणि फ्लॅश ज्या बाजूने येतो त्या बाजूला उजेड यायला काही कारण हवं, मोकळं आकाश, भिंत, पाणी.

एका आक्षेपापुढे माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. फ्लॅश उडाला की माणसाला आपला फोटो निघतोय हे प्रत्येक वेळी नव्याने कळतं. स्टँड, छत्री, ट्रिगर यांचा पसारा पाहून म्हातारी माणसं अवघडतात, बैल बिचकतात, पोरं गोळा होतात. निव्वळ उन्हात काम करणाऱ्याला जो मोकळा, बेसावध क्षण सापडतो तो मला क्वचितच मिळतो. ही किंमत मी जाणून देतो, आणि ती कमी व्हावी म्हणून सगळी मापं आधी माझ्याच हातावर घेतो, छत्री उभी करून बोलत बसतो, एकदा-दोनदा फ्लॅश उगाच उडू देतो. काम थांबवावं लागणार असेल, बैल जुंपलेले असतील, कोणाला तो उजेड नको असेल, तर फ्लॅश पिशवीतच राहतो आणि डोळे काळे येतात तसे येऊ देतो.

जुलैच्या अखेरीला सूर्य परतताना पुन्हा एकदा पुण्याच्या डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दुसरा दिवस बहुधा ढगांमागेच निघून जातो. त्या आठवड्यांत सह्याद्रीवरचं अख्खं आभाळच छत्री असतं. भातलावणीच्या चिखलात वाकलेल्या बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा वरून आकाशाचा आणि खालून खाचरातल्या पाण्याचा उजेड असतो. ती मान वर करते तेव्हा तिच्या डोळ्यांत तो ठिपका आधीच असतो.