गळाचा दोरा निवडताना

वाचकहो, दोराची पारख शेतकऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही. दाव्याला कोणता दोर, कासऱ्याला कोणता आणि पोहऱ्याला कोणता, हे आपल्याला हात लावताच कळते. घरातल्या बायकामाणसांना तर वेणीचे पेड लहानपणापासून ठाऊक असतात. पण हीच आपण माणसे गळाचा दोरा घ्यायला दुकानात गेलो, की वेष्टनावरचे चित्र पाहून पैसे मोजतो. हल्ली विणलेला दोरा गावोगावच्या दुकानांतून मिळू लागला आहे. शंभर मीटरचे रीळ दोन-तीनशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत आहे. तेव्हा या दोऱ्याविषयी चार अनुभवाच्या गोष्टी सांगाव्यात, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे गाव खाडीकाठी आहे. भाताची दोन खाचरे आणि थोडी काजू-आंब्याची कलमे, एवढीच शेती. भातझोडणी आटोपली, की संध्याकाळी गरी घेऊन खाडीवर जायचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. त्यात हौस कमी आणि कालवणाची सोय जास्त. नशिबात असला तर जिताडा किंवा तांबोशी लागते, नाहीतर शेंगटी आहेच. आठवड्यातून दोन वेळा घरचा मासा मिळाला, तर बाजाराचा तेवढा पैसा वाचतो.

गेली काही वर्षे मात्र माझा उजवा खांदा धरला आहे. काठी पूर्वीसारखी जोरात फिरवता येत नाही. आमच्या बाजूला पाण्याची खोल धार काठापासून लांब आहे. गळ तिथवर पोचला तर मासा. अलीकडे पडला तर खेकडे आमिष खाऊन जातात. पुतण्या म्हणाला, "काका, तंगूस पुरे झाला. विणलेला दोरा घ्या, लांब जाईल. पण चारपेडी घ्यायचा की आठपेडी, ते तुम्ही ठरवा. आठपेडीला पैसे जास्त पडतात."

प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायचे, तर दोरा कसा होतो ते आधी पाहायला हवे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गळाला सुताचा नाहीतर तागाचा दोरा असे. पाण्यात कुजू नये म्हणून तो झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवत. पुढे १९३५ साली अमेरिकेत ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांनी नायलॉन तयार केले, आणि त्यातून आपला तंगूस आला. तंगूस म्हणजे एकच जाड तार. तो स्वस्त, टिकाऊ आणि पाण्यात सहज न दिसणारा. पण त्याला दोन खोडी आहेत. रिळावर राहून राहून तो वेटोळ्याचाच आकार धरतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातलाच प्रकार. आणि तो ताणला जातो, त्यामुळे लांबवर माशाने आमिष चाटले तरी हाताला लवकर कळत नाही.

विणलेल्या दोऱ्याचा धागा मात्र नायलॉनचा नसतो, तो एका जातीच्या पॉलिथिनचा असतो. हॉलंडमधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी हा धागा ओढण्याची युक्ती काढली, तिचा पेटंटचा अर्ज १९७९ सालचा आहे. बाजारात तो डायनीमा या नावाने ओळखला जातो. पिशवीचे पॉलिथिन आणि हे पॉलिथिन कुळाने एकच, पण याच्या रेणूंच्या साखळ्या फार लांब असतात, आणि धागा ओढताना त्या विंचरलेल्या केसांसारख्या एका दिशेने बसतात. आखूड धाग्याच्या कापसापेक्षा लांब धाग्याच्या कापसाचे सूत का बळकट होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातले मर्म कळेल. वजनास वजन धरले, तर हा धागा पोलादाच्या तारेपेक्षा कितीतरी पट बळकट आहे. तो फारसा ताणला जात नाही. आणि पाण्याहून हलका असल्यामुळे तरंगतो. नायलॉन मात्र हळूहळू बुडते.

आता सुळसुळीतपणाकडे येऊ. हा धागा जात्याच निसरडा आहे, मग एक दोरा खरखरीत आणि दुसरा सुळसुळीत का लागतो? याचे उत्तर विणीत आहे. आमच्या मंडळींनी ते सुतळीवर करून दाखवले. चार जाड पेडांचा गोफ विणला, तर तो बोटांत फिरवताना कंगोरे लागतात. तेवढ्याच जाडीचा गोफ आठ पेडांचा विणायचा, तर प्रत्येक पेड बारीक घ्यावा लागतो. मग गोफ गोल होतो आणि बोटावरून सरसर जातो. गळाच्या दोऱ्याचेही तसेच आहे. काठीच्या कड्यांतून जाताना चारपेडी दोरा सूं-सूं आवाज करतो, आठपेडी जवळजवळ मुकाट जातो. आवाज म्हणजे घासणे, आणि घासणे म्हणजे तेवढे अंतर कमी.

पुतण्याने मित्रांकडून चारपेडी आणि आठपेडी, एकाच जाडीचे दोन दोरे मागून आणले. कापणी झालेल्या खाचरात आम्ही गळ न लावता नुसते शिसे बांधून फेकून पाहिले. फेकणारा मी, पावले मोजणारा पुतण्या. पाच-पाच वेळा फेकले. तंगूस सरासरी एकोणचाळीस पावले गेला, चारपेडी अठ्ठेचाळीस आणि आठपेडी बावन्न. ही पावले आमच्या खाचरातली आहेत, तुमच्या हातात फरक पडेल. पण माझ्या खांद्याला त्या तेरा पावलांची किंमत फार होती. गळ पुन्हा खोल धारेत पडू लागला.

एवढ्यावर लेख संपवला असता, तर आठपेडी घ्या म्हणून मोकळा झालो असतो. पण आमच्या खाडीला दुसरीही बाजू आहे. पुलाच्या वरच्या अंगाला खडक आहेत आणि त्यांवर कालवे बसलेली आहेत. त्यांची धार विळ्यासारखी असते. तिथे आठपेडी दोऱ्याला लवकर लव सुटते, कारण बारीक पेड घासला की लवकर तुटतो. चारपेडीचा पेड जाड. तो खरखरीत असला तरी घासणे जास्त सोसतो. तलम लुगडे सणाला आणि जाडेभरडे लावणीला, असा हा न्याय आहे. मोकळ्या वाळवटीवर आठपेडी आणि खडकात चारपेडी, असे आम्ही ठरवले. धरणाच्या पाण्यात बुडालेली बाभळीची खोडे असतात, तिथेही चारपेडीच बरा.

दुकानात हात लावल्यावर सुळसुळीत वाटणारा प्रत्येक दोरा चांगल्या विणीचा असतो असेही नाही. काही दोऱ्यांना वरून मेणासारखा लेप दिलेला असतो. चार वेळा पाण्यात गेला की लेप उतरतो आणि खाली सैल वीण दिसते. म्हणून चार परीक्षा करा. हातभर दोरा ओल्या फडक्यात धरून दहा-वीस वेळा ओढा. रंग थोडा लागला तर हरकत नाही, पण दोरा खरखरीत होता कामा नये. चिमटीत फिरवून पाहा. तो गोल लागला पाहिजे, फितीसारखा चपटा नको. दोन्ही बाजूंनी धरून जरा आत दाबा. पेड फाकले तर वीण सैल समजा. आणि वेष्टनावर पेडांचा आकडा छापला आहे का ते पाहा. किती किलोला तुटतो, या आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नका. दोरा बहुधा गाठीतच तुटतो.

निसरड्या दोऱ्याची गाठही निसटते. तंगुसाची साधी गाठ इथे चालत नाही. दोरा दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवा, सैल साधी गाठ मारा, पुढे राहिलेला फासा गळावरून पलीकडे घाला आणि दोरा ओला करून हळूहळू आवळा. कोरडा आवळला तर घासण्याच्या उष्णतेने दोरा दुखावतो, कारण हे पॉलिथिन नायलॉनपेक्षा पुष्कळ कमी उष्णतेला वितळते. चक्रीवर गुंडाळताना खाली तंगुसाचे काही वळसे द्या, नाहीतर सगळा दोरा जागीच गरगर फिरतो. गळाच्या बाजूला दीड-दोन वाव तंगूस जोडा. तो माशाला दिसत नाही आणि दगडावर घासणेही तोच आधी सोसतो. खाडीवरून आल्यावर दोरा गोड्या पाण्यात धुवा. मिठाचे खडे वाळले की विणीत रुततात.

आता सर्वांत महत्त्वाचे. हा दोरा हाताला कधीही गुंडाळू नका. आमच्या शेजारच्या मुलाचा गळ खडकात अडकला. त्याने दोरा दोन बोटांना गुंडाळून हिसका दिला आणि बोटे हाडापर्यंत कापली. ऐन झोडणीचे दिवस होते. घरातला एक कर्ता हात तीन आठवडे बसून राहिला. बारीक, बळकट आणि न ताणणारा दोरा म्हणजे पातेच. अडकला तर लाकडाच्या दांडक्याला गुंडाळून ओढा. ज्यांना काठीशिवाय, नुसत्या हातदोरीने मासे धरायची सवय आहे, त्यांनी या दोऱ्याच्या वाटेला जाऊच नये. त्यांना जाड तंगूस किंवा सुती दोरीच चांगली.

तुटका दोरा काठावर टाकू नका. तो कुजत नाही. बगळ्याच्या, पाणकावळ्याच्या पायांत तो अडकतो, आणि चरणाऱ्या वासराच्या खुरांतही. बारीक तुकडे करून डब्यात साठवा. उरलेला दोरा मुलांना पतंगासाठी तर मुळीच देऊ नका. नायलॉनच्या आणि तसल्या कृत्रिम मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, ती माणसांचे गळे आणि पाखरांचे पंख कापले गेले म्हणूनच.

घाटावरच्या वाचकांसाठी दोन शब्द. तुमच्या शेततळ्यात राहू, कटला असतील, तर महाग दोऱ्याची गरज नाही. अंतर थोडे असते आणि तंगुसाचा ताण माशाचा हिसका झेलतो. तळ्याला प्लास्टिकचे अस्तर असेल, तर शिसे लावून गळ तळाशी सोडू नका. बूच लावून वरच ठेवा, नाहीतर एका माशापायी अस्तर फाटायचे. धरणावर जाणार असाल, तर आधी चौकशी करा. तिथला मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो, आणि त्यावर कुणाची तरी चूल अवलंबून असते.

तेव्हा वाचकहो, दोरा घ्यायच्या आधी आपले पाणी पाहा, आपला हात पाहा आणि मग पेड मोजा. पाणी मोकळे आणि हात थकलेला असेल, तर आठपेडीचे जास्तीचे पैसे वसूल होतात. पाण्यात खडक असेल, तर खरखरीत चारपेडीच घरी कालवण आणील. आणि पुरुषमाणसाला वीण कळेनाशी झाली, तर रीळ घरातल्या वेणी घालणाऱ्या हातात द्यावे. आमच्याकडे शेवटचा निवाडा तिथेच झाला.