डब्यातले वजन

मालगाडीला निरोप द्यायला कोणी जात नाही. प्रवाशांची गाडी निघाली की रुमाल हलतात, डोळ्यांना पदर लागतात. मालगाडी केव्हा निघाली आणि केव्हा पोहोचली, याची चौकशी व्यापाऱ्याखेरीज कोणी करत नाही. तिच्याशी खरे सख्य असते ते मुलांचे. ती फाटकापाशी उभी राहून डबे मोजतात. आमच्या जालन्यात १९०० च्या सुमारास, निजामाच्या राज्यात, मीटरगेज आली. १९९० नंतरच्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. रुळांतले अंतर एक मीटरवरून १६७६ मिलिमीटरांवर गेले. डबे मोजणारी मुले मात्र होती तशीच राहिली.

माझा भाचा त्यांतलाच. पुण्यास कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांना खुले झाले. ते त्याने वडिलांबरोबर पाहिले आणि त्याला वेडच लागले. मग वडिलांनी मालडब्याच्या सुट्या भागांची एक पेटी आणून दिली. खऱ्या डब्याच्या सत्त्याऐंशीपट लहान असा तो डबा बापलेकांनी निम्मा जोडला होता. यंदा माघात मेहुणे गेले. सामान हलवताना पेटी पडली. एक भिंत उकलली, शिडी मोडली. बहीण, भाचा आणि पेटी आता आमच्याकडे असतात.

दुरुस्तीला आम्ही दोघे बसलो. प्लॅस्टिक जोडणारे औषध डिंकासारखे चिकटवत नाही. ते दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करते. एका टोकाचा चाकांचा सांगाडा घट्ट आणि दुसऱ्या टोकाचा जरासा सैल ठेवावा लागतो, म्हणजे उंचसखल रुळावरही आठही चाके टेकून राहतात. (संसारातही हीच युक्ती चालते, असे माझ्या पत्नीचे मत पडले!) मेहुण्यांनी लावलेली भिंत थोडी तिरपी होती. "सरळ करू का रे?" मी विचारले.

"राहू दे मामा. बाबांनी लावलीय."

डबा उभा राहिला, पण वळणावर रूळ सोडू लागला. फार हलका! या छंदातल्या लोकांचा नियम असा, की एक औंस धरावा आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस वाढवावा. आमचा डबा सहा इंचांचा. म्हणजे चार औंस, सुमारे ११३ ग्रॅम. सराफाच्या काट्यावर तो भरला ३४.

आठ महिने भेटायला येणारी मंडळी हळू आवाजात एकच सांगत होती : पोराच्या मनावर भार येऊ देऊ नका, वडिलांचा विषय काढू नका. भाच्याने मात्र वडिलांची पिशवी उघडली. मेहुणे येथल्या सळईच्या कारखान्यात होते. पिशवीत आठ मिलिमीटर सळईचे दोन तुकडे होते, दहा-दहा सेंटिमीटरांचे. या सळईचे वजन मीटरला ३९५ ग्रॅम. दोन तुकडे मिळून ७९. हिशेब त्यानेच केला. तुकडे तळाशी पक्के बसवले आणि वर छप्पर लावले.

डबा वळणावरून तीनदा गेला. एकदाही घसरला नाही. दारात उभी असलेली बहीण किती वेळ पाहत होती, कोण जाणे. ती म्हणाली, "दादा, याला इंजिन केवढ्याला मिळतं?"