एका विषयाची सहा नावे

वर्धा योजना, नई तालीम, बुनियादी तालीम, बेसिक एज्युकेशन, मूलोद्योग शिक्षण, जीवनशिक्षण. विषय एकच: हस्तोद्योगातून शिक्षण हा गांधीजींचा विचार. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन होऊन सेवाग्रामातून काम सुरू झाले. हिंदीत, मराठीत, इंग्रजीत, सरकारी परिपत्रकांत हा विचार निरनिराळ्या नावांनी छापला गेला. संशोधक विद्यार्थी संगणकावर ‘नई तालीम’ एवढेच टंकतो. ‘मूलोद्योग’ नावाने नोंदलेली पुस्तिका त्याच्यासमोर येत नाही आणि मराठीत या विषयावर फारसे साहित्यच नाही, असे तो समजून चालतो. तालिकेतली ‘हेही पहा’ ही दोन शब्दांची नोंद त्याला तिथपर्यंत पोहोचवते. ती नोंद करण्यासाठी पुस्तिका उघडावी लागते, प्रस्तावना वाचावी लागते, नुसत्या मुखपृष्ठावर भागत नाही. ग्रंथपालाचे कसब मला इथे दिसते आणि महाविद्यालयीन ग्रंथालयाचे भवितव्यही इथेच ठरेल असे वाटते.

आता सगळे ऑनलाइन मिळते, मग ग्रंथालय कशाला, असे विचारले जाते. या प्रश्नात तथ्य आहे, तो झटकून टाकू नये. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयासारख्या सरकारी संस्थेत बसून आज जी नियतकालिके वाचता येतात, ती एकेका ग्रंथालयाच्या वर्गणीतून कधीच आली नसती. पण ही वर्गणी आहे, खरेदी नव्हे. कपाटातला जुना अंक वर्गणी थांबल्यावरही वाचता येतो. पडद्यावरचा वाचता येईलच असे नाही. शिवाय ही नियतकालिके बहुतांश इंग्रजी, आणि सरकारी नसलेली महाविद्यालये पहिल्या टप्प्यात योजनेबाहेर. सेवाग्राम, पवनार, मगनवाडी या परिसरात छापलेल्या पुस्तिका, अहवाल, प्रदर्शनांची माहितीपत्रके कोणताही जागतिक प्रकाशक विकायला ठेवणार नाही. ती जिथे आहेत तिथल्याच ग्रंथालयांनी जपायची आहेत.

दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे. सहा नावांचा संबंध यंत्रच जोडेल, नोंदी करणारा माणूस कशाला? यंत्र तो जोडते, हे मान्य. पण जे त्याच्यापर्यंत पोहोचले आहे तेवढ्याचाच. पिवळ्या पडलेल्या कागदावरची खिळ्यांची छपाई स्कॅन केली की रफार पुसट होतो, जोडाक्षर फुटते, ‘वर्धा’चा ‘वधा’ होतो. मग शब्द शोधूनही पान सापडत नाही. कुणीतरी मूळ पानाशी ताडून पाहावे लागते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. पडद्यावर हजारो निकाल येत असताना या नियमाची गरज वाढली आहे. कोणता पाठ मूळचा, कोणता उतरवलेला, कोणत्या आवृत्तीत मजकूर बदलला, हे विद्यार्थ्याला शेजारी बसून दाखवणे हेही ग्रंथपालाचेच काम.

पैसा नाही, माणसे नाहीत, ही अडचण खरी आहे. ग्रंथपालाचे पद रिक्त ठेवून संगणक बसवले की ग्रंथालय आधुनिक झाले असे मानणे मात्र मला मुळीच पटत नाही. सगळे ग्रंथ स्कॅन करण्याची गरजही नाही. इतरत्र आहे ते सोडून द्यावे, आपल्याकडेच आहे त्यापासून सुरुवात करावी. वर्धा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना एवढीच विनंती आहे: निर्लेखनाच्या, म्हणजे ग्रंथ काढून टाकण्याच्या, यादीवर सही करण्याआधी १९६० पूर्वीच्या पातळ, बिनपुठ्ठ्याच्या पुस्तिका बाजूला काढा आणि त्यांची नावे शेजारच्या ग्रंथालयांना कळवा.